लाटांची मोटर

अकोल्यात समुद्र नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. नोकरीची सगळी वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोलच शिकवला. खारं पाणी आमच्याकडे आहे, पण ते पूर्णेकाठच्या विहिरींत, आणि ते पाहायला कोणी हौसेने जात नाही. तरीही जठारपेठेत माझ्या शेजारी, कुंदाच्या बैठकीत, काही वर्षं समुद्र होता. भिंतभर काचेची पेटी, आत प्रवाळ, नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि वर निळा दिवा. लोक पाहायला यायचे, वाकून वाकून मासे पाहायचे आणि जाताना कुंदाला म्हणायचे, "मजा आहे बुवा तुमची." त्यांची डोकी त्याच काचेवर आपटावीत असं मला वाटायचं.

समुद्र कुंदाचा नव्हताच. तो तिच्या मुलाचा, शुभंकरचा. कुंदाचे यजमान गोपाळकृष्ण वकील वारले, त्याच्या पुढच्या वर्षी करोना आला आणि बंगळूरचा हा मुलगा लॅपटॉप घेऊन आईकडे येऊन बसला. घरात बसून बसून त्याला हा छंद लागला. जगात माणसं मरत होती आणि हिचा पोरगा दोन्ही वेळा गरम पोळी खात होता. कुंदाचे ते सगळ्यात सुखाचे दिवस. ती हे बोलायला लाजायची, म्हणून मी बोलते. मग कंपनीने परत बोलावलं आणि त्याने लग्न करून तिकडेच संसार थाटला. तिथला घरमालक एवढी मोठी पेटी ठेवू देईना. "टँक आईकडे ठेवलाय," असं शुभंकर सगळ्यांना सांगायचा. आईला कोणाकडे ठेवलंय, हे त्याला कोणी विचारलं नाही.

प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, जीव आहे. तो जागचा हलत नाही. त्याच्या तोंडापर्यंत अन्न आणायचं आणि त्याची घाण वाहून न्यायची, हे काम लाटेचं. पेटीत लाट कुठून येणार? म्हणून काचेला आतून छोटा पंखा चिकटवतात आणि तो पाणी ढकलत राहतो. अनुप त्याला वेव्ह पंप म्हणायचा. हा अनुप बार्शीटाकळीचा. अकोल्यात त्याचं माशांचं दुकान आहे आणि दर रविवारी तो मोटरसायकलवर येऊन पेटीतलं पाणी बदलून द्यायचा. कुंदा मात्र त्या पंपाला लाटांची मोटरच म्हणायची.

पहिली मोटर स्वस्तातली होती. गिरणीसारखी घरघरायची. मधेच अडायची, नाहीतर काचेवरून सुटून खाली पडायची आणि वाळू उडवत बसायची. ती चालू आहे की बंद, हे बंगळूरला बसून कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून शुभंकर सकाळ-संध्याकाळ फोन करायचा.

"आई, मोटर फिरतेय ना?"

"फिरून राहिली."

"कोपऱ्यातला प्रवाळ हलतोय?"

"हलून राहिला बाप्पा."

मग ओघाओघात, जेवलीस का, गुडघा कसा आहे. गुडघ्याचा नंबर मोटरच्या मागून लागायचा, पण लागायचा. फोनची वेळ झाली की कुंदा पेटीसमोर खुर्ची टाकून बसायची. त्याने काही विचारलं तर उत्तर तयार पाहिजे ना. "बोर्डाच्या परीक्षेले बसली काय वं?" म्हणून मी तिला चिडवायची. तिला त्याचंही कौतुक वाटायचं.

एका दिवाळीत शुभंकर आला आणि नवीन मोटर घ्यायचं निघालं. अनुपला बोलावलं. मी फराळाचं ताट द्यायला गेले होते, तशीच बसले.

"स्वस्तातला चालते भाऊ," अनुप म्हणाला, "पण त्याचा धक्का एकाच जागी बसते. समोरचा प्रवाळ सोलून निघते अन् कोपऱ्यात घाण साचते. अन् त्याच्यावर नजर ठेवा लागते. महागाचा सगळीकडं पाणी फिरवते, आवाज नाई काई नाई. बंद पडला की तुमाले तिकडं मोबाइलवर समजते. काकूले पाहाचं काम नाई."

कुंदा स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"स्वस्तातलाच घे," ती म्हणाली. "मी हाओ ना पाह्याले."

"आई, प्रत्येक गोष्टीत काटकसर नसते करायची."

हे तो माझ्यासमोर बोलला. हिने एकच शाल बारा हिवाळे पांघरली आणि हा इंजिनिअर झाला.

"मले जड नाई जात रे."

"जमतही नाही तुला. मागे मोटर अडकली होती, ते मला संध्याकाळी सांगितलंस. तोपर्यंत एक मासा गेला होता."

त्या दिवशी कुंदा मोर्शीला, सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला गेली होती. मी तोंड उघडणार होते, तर तिने कप ठेवता ठेवता माझा हात दाबला. अनुपने मान खाली घालून चहा संपवला. मासे पाहायला कपाटावर कॅमेरा बसला आणि महागाची मोटर आली.

आली ती इतकी मुकी की घराचं बोलणंच बंद झालं. पहिल्या आठवड्यात शुभंकरने रोज फोन केला, मग रविवारी केला, मग तेही राहिलं. त्याला मोबाइलवर सगळं दिसत होतं, मग विचारायचं काय? कुंदाने फोन केला की, "मीटिंगमध्ये आहे, करतो." ती न्हाणीघरातसुद्धा फोन पिशवीत गुंडाळून न्यायला लागली. मला तिचा राग यायचा. एवढी शिकलेली बाई, वकिलाची बायको, आणि एका डबड्याच्या वाजण्यावर जगते!

उन्हाळा लागला. आमच्याकडे कूलरच्या मोटरला आराम देतात. दुपारची जेवणं झाली की पाण्याची मोटर थोडा वेळ बंद करायची आणि नुसता पंखा ठेवायचा, नाहीतर मोटर जळते. हे आमच्या हातांना इतकं पाठ आहे की त्यासाठी डोकं लागत नाही. कुंदाने एक दिवस कूलरच्या मोटरला आराम दिला आणि तशीच पुढे जाऊन लाटांच्या मोटरचंही बटण बंद केलं. तीही बिचारी रात्रंदिवस फिरून राहिली, असं तिच्या मनात आलं. ती आडवी झाली नाही तोच फोन वाजला.

"आई! पंप का बंद आहे?"

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चेहरा कसा उजळलेला.

"शकुन, त्याचा फोन आला होता."

"काय म्हणे?"

"लय रागावला."

पोरगा रागावला हे इतक्या आनंदाने सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग काय, सुरूच झालं. दर दोन-चार दिवसांनी दुपारी कुंदा केस विंचरायची, पदर नीट करायची, मोटरचं बटण बंद करायची आणि मांडीवर फोन घेऊन बसायची. फोन आला की कधी लाइट गेली होती, कधी पुसताना धक्का लागला. "कोणतं बटण म्हणतोस? वरचं का खालचं?" असं विचारून ती बोलणं लांबवायची. बटण तिला अंधारातसुद्धा सापडलं असतं. कोपऱ्यातला एक प्रवाळ पांढरा पडला, तेव्हा मी तिला झापलं.

"तुह्या फोनपायी ते जीव मरून राहिले कुंदा."

"मरू दे," ती म्हणाली.

चिमण्यांना रोज तांदूळ टाकणारी ही बाई. तिने त्या पांढऱ्या प्रवाळाकडे पाहिलं आणि ताटातली भेंडी चिरायला घेतली.

यंदा जेठात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण द्यायचा महिना. शुभंकरची सासुरवाडी अमरावतीची, तेव्हा साहेब विमानाने नागपूर आणि तिथून गाडीने अमरावतीला हजर झाले. आईला विहीण म्हणून आमंत्रण होतं. तिला गाडी लागते, म्हणून मी सोबत गेले. चांदीचं ताट, अनारशांची रास, आंब्याचा रस. शुभंकरची सासू सहज म्हणाली, "काय म्हणतो तुमचा समुद्र?"

शुभंकरने खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"हे बघा, ही पंपाची रेघ. सरळ चालली आहे ना? आता हे खड्डे बघा, दुपारच्या जेवणानंतर. मला वाटलं पंपच खराब. कंपनीशी भांडलो. शेवटी कपाटावरच्या कॅमेऱ्यात पाहिलं तर आमच्या मातोश्री! केस विंचरून, बटण बंद करून, फोन मांडीवर घेऊन बसल्यात. माझा फोन यावा म्हणून!"

पंगत हसली. त्याची बायको जुईली हसता हसता म्हणाली, "किती क्यूट ना!" कोणीतरी आणखी एकदा सांगायला लावलं आणि त्याने सांगितलं, या वेळी आईचा आवाज काढून. कुंदाही हसत होती, पदर तोंडाशी धरून. तिच्या ताटातली पुरी मात्र तशीच राहिली. शुभंकरच्या घशात अनारसा अडकला असता तर मी पाणी दिलं नसतं.

परतताना बडनेरा मागे पडलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यानं मले पाह्यलं वं. रोज पाह्यते काय तो?"

"मासे पाह्यते," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

शुभंकर अमरावतीहूनच परत गेला. अकोला वाटेत नव्हतं म्हणे. त्याच्या सांगण्यावरून अनुप एक बॅटरी घेऊन आला. मोटर, वायफायचा डबा, कॅमेरा, सगळं तिला जोडलं.

"आता बटण बंद झालं तरी फिरते काकू," तो सांगत होता. "सात-आठ घंटे चालते. अन् भाऊनं त्याची सूचना येणं बंद केली तिकडं. ऑफिसात डिस्टर्ब होते म्हणे." एवढं बोलून तो वायर गुंडाळत बसला. वर मान काही त्याने केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंदाच्या दारात उभी होते. तिने केस विंचरले होते. तिने बटण खाली केलं. मोटर फिरतच होती. तिने बटण वर केलं, पुन्हा खाली केलं, पुन्हा वर. प्रवाळ आपले मजेत डोलत होते. फोन मांडीवर घेऊन ती तरीही बसली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला. बाहेर पाऊल टाकलं की तळवा भाजायचा. अशाच एका दिवशी भर दुपारी पेठेतला ट्रान्सफॉर्मर जळला आणि सगळ्यांचे कूलर एकदम गप्प झाले. माझ्याकडे इन्व्हर्टरवर एक पंखा चालतो, म्हणून मी कुंदाला न्यायला गेले. ती डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पेटीसमोर बसली होती.

"चाल माह्या घरी."

"नाई वं. आज मी काही बंद नाई केलं. आज खरंच लाइट गेली. बॅटरी संपली की मोटर थांबन. आज तं तो फोन करनच."

"त्यानं सूचना बंद केल्या, अनुप सांगून गेला ना?"

"मोबाइलमंधी पाह्यल्यावर तं दिसन."

"बैताड झाली काय? मरशीन इथं!"

"त्याचा फोन आला अन् मी मोटरसमोर नसली तं काय सांगू त्याले? आला की येतो मी. तू जाय, तुले बीपी हाये."

मी दंडाला धरून ओढलं, तर तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. मला असा संताप आला की मी दार आपटून निघून आले.

उन्हं कलल्यावर पन्ह्याचा तांब्या घेऊन गेले. लाइट अजून आली नव्हती. ती तशीच बसली होती, हनुवटी छातीला टेकलेली. टॉवेल पापडासारखा वाळला होता. मी कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, पण श्वास नव्हता. नाकाशी बोट धरून मी बराच वेळ उभी राहिले. फोन तिच्या मुठीत होता. समोर लाट येत होती, जात होती.

तिच्या मुठीतून फोन सोडवून मी शुभंकरला लावला. कापला गेला. लगेच निरोप आला, मीटिंगमध्ये आहे, करतो. मग माझ्या फोनवरून लावला. तो त्याने उचलला. मी तोंड उघडायच्या आतच बोलायला लागला.

"शकुनकाकू, लाइट गेलीय ना तिकडे? दिसलं मला. मघाशीच कॅमेऱ्यात पाहिलं, आई समोरच बसलीय. तिला म्हणावं काळजी करू नकोस, पंप चालू आहे."

"हो रे बाबा," मी म्हटलं. "घरात तेवढाच चालू आहे."