ए खांब, हाल ना!

मी लहान असताना एका लग्नाच्या मांडवापायी आमचं बिऱ्हाड उठलं.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा एदलाबादकडच्या एका गावात केळीच्या बागेत सालदार होते. एदलाबादला आता मुक्ताईनगर म्हणतात. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. राहायला बागेच्या कडेची पत्र्याची खोली, खायला मालकाकडची ज्वारी. केळीचा घड भरत आला की झाड एका अंगाला कलतं, म्हणून त्याला बांबूचा टेकू देतात. आबांनी बांधाकडच्या सगळ्या ओळीला टेकू दिले होते. तेवढ्यात मालकाच्या पुतण्याचं लग्न निघालं आणि मांडवाला बांबू कमी पडले. मालक म्हणाला, "त्या ओळीचे काढा. चार दिवसांत काय होतंय?"

लग्न लागलं, पंगती उठल्या आणि दुसऱ्याच दुपारी वारा सुटला. ती ओळ भरल्या घडांसकट आडवी झाली. बाकी बाग उभी. मालक पाहुण्यांसमोर म्हणाला, "सालदाराचं ध्यान नव्हतं."

आबा खालच्या आवाजात म्हणाले, "टेकू तुम्हीच काढले ना, भाऊ."

एवढं एक वाक्य. त्यावर आमची खोली गेली, ज्वारी गेली, साल अर्ध्यावर तुटलं. आम्ही नशिराबादला आलो. आबा हमालीला लागले, माय कापूस वेचायला जायची. कित्येक संध्याकाळी भाकरीबरोबर नुसती मिरचीची चटणी असायची आणि माय म्हणायची, "आज चटनी लई झ्याक झाली." चटणी रोजचीच असायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते बास्केटबॉलचं असलं तरी मला ते त्या आडव्या ओळीमुळेच कळलं.

आठवीपासून मी जळगावच्या शाळेत जाऊ लागले. शाळा सुटल्यावर एसटीला वेळ असायचा. शाळेत सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान होतं, पण मधली जागा मोठ्या मुलींची. मला उजवा कोपरा मिळायचा. मी त्या कोपऱ्यातूनच बॉल टाकत राहिले. टाकायची माझी तऱ्हाही गावठी होती. बॉल दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत खाली न्यायचा आणि सुपातून धान्य पाखडावं तसा वर उडवायचा. दिसायला हसू यावं असं, पण बॉल रिंगमधून जायचा. त्या कोपऱ्यातून तरी जायचाच.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढले, आणि पहिल्याच वर्षी मुलींच्या संघात आले. तिथे अक्का होती.

अक्का आमच्यापेक्षा दोन वर्षं पुढे. जळगावचीच, वडिलांचं सायकलचं दुकान. उंची अशी की दारातून जाताना सवयीनेच मान वाकवायची. आधीची दोन वर्षं कॉलेजचे जवळजवळ सगळे गुण तिचेच. तिचं नाव पेपरात यायचं आणि तिचे वडील, नाना, ते कात्रण दुकानात ट्यूबच्या खोक्याला चिकटवायचे. पण मागच्या वर्षी धुळ्याच्या संघाने एक अक्कल लढवली. तिच्या एकटीच्या अंगावर तिघी सोडल्या. अक्काचे हात बांधल्यासारखे झाले आणि कॉलेज हरलं.

मी आले त्या वर्षी संघाचे सर आम्हाला उभं करून म्हणाले, "यंदाही तिघी येतील. काय करायचं?"

अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, ही नशिराबाद कोपऱ्यातून चुकत नाही. हिला फक्त वेळ लागतो. ही मारेल, मी अडवते."

"तू अडवणार? आणि तुझे बास्केट?"

"तिघी माझ्यामागे येणार असतील तर त्यांना मी नेईन तिकडे नेता येईल ना."

खेळात याला स्क्रीन म्हणतात. आपल्या गड्यामागे जी लागली आहे तिच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. हात छातीशी, पाय रोवलेले. ती येऊन आदळणार हे दिसत असतं, तरी हलायचं नाही. हललात तर फाउल तुमचा. आणि पाच फाउल झाले की मैदानाबाहेर. वाचायला सोपं वाटेल. धावत येणारी मुलगी अंगावर घेऊन बघा.

मग रोज तेच. मी कोपऱ्यात जायची, बॉल यायचा, मी तो गुडघ्यापर्यंत न्यायची आणि तेवढ्या वेळात माझ्यामागची मुलगी अक्काच्या अंगावर आपटलेली असायची. टाळ्या मला. अक्काच्या बरगडीवर काळंनिळं. एकदा ती आमच्या घरी आली तेव्हा मायने ते पाहिलं आणि हळद गरम करायला घेतली.

"कोनाशी भांडून आली वं पोरी?"

"खेळात लागलं, मावशी."

"हिले तर नही लागत कधी!" माय माझ्याकडे बघून म्हणाली. "का तुह्याच एकटीच्या वाट्याले येते सारं?"

अक्का हसली, आणि हसताना बरगडी धरली.

पेपरात आता तिचं नाव येईना. एक-दोनदा माझं आलं. नानांनी ट्यूबच्या खोक्यावर नवीन काही चिकटवलं नाही. लोक म्हणू लागले, ती आता थकली. कोणी म्हणालं, लग्नाचं बघताहेत, तिचं ध्यान नाही. ध्यान नाही हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

स्पर्धा धुळ्याला होती. तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता. पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा आम्ही भजी घेतली आणि अक्का सहज सांगावं तसं म्हणाली, "नानांनी ठरवलंय. विद्यापीठात नाव आलं तर पुढे शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला जायचं. नाही आलं तर या उन्हाळ्यात बार उडवायचा."

आमची एक मैत्रीण म्हणाली, "मग अक्का, आता तरी बास्केट मार ना! निवडणारे काय, बॉल बघतात."

"मी मारायला लागले तर हिच्यामागच्या मुलीला कोण अडवणार? ही सूप खाली नेईपर्यंत बॉल हातात राहील का?"

"पण तुझं काय?"

"माझं भजं थंड होतंय," अक्का म्हणाली. ती जास्त बोलायची नाही.

उपांत्य सामना आम्ही जिंकलो. सामना चालू असताना कंपाउंडच्या भिंतीवर धुळ्याची पोरं शेंगदाणे खात बसली होती. तिथूनच सुरू झालं.

"बठ्ठ्या पोरी पयतीस, ती लांबी नुसती हुभी शे!" सगळ्या पोरी पळतात, ती उंच तेवढी नुसती उभी, असं.

"एवढी लांबी, अन् एकबी गोल नही!"

आणि मग एकाने जो शब्द काढला तो सगळ्यांनी उचलला. "ए खांब, हाल ना! ए खांब, हाल ना जरा!"

अक्का हलली नाही. तेच तर तिचं काम होतं.

सामना संपल्यावर मी नळावर तोंड धूत होते. निवड करणारे तिघे होते, दोन सर आणि एक मॅडम. मॅडम नळाजवळ आल्या आणि मला म्हणाल्या, "छान खेळलीस. तुमची ती उंच मुलगी मात्र यंदा उतरली गं. गेल्या वर्षी काय खेळायची!"

मी ओल्या तोंडानेच म्हणाले, "मॅडम, ती टेकू आहे."

"काय आहे?"

"टेकू. केळीचा."

त्या हसल्या. मला राग आला, पण मी थांबले नाही. मी त्यांना मांडव सांगितला, बांबू सांगितले, आडवी झालेली ओळ सांगितली. म्हटलं, "माणूस बागेत आला की घड बघतो, मॅडम. उद्या तुम्ही बॉल बघू नका. फक्त तिला बघा. मी बास्केट मारते ते तिच्या जिवावर. ती नसेल तर माझ्याने होत नाही."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी आपल्याच हाताने आपल्या गुणांची किंमत उतरवली. निवड माझीही व्हायची होती. पण शब्द तोंडातून गेले होते आणि खरे होते.

मॅडम आता हसत नव्हत्या. "तू सांगतेस म्हणून नाव लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "दिसलं तर लिहीन."

"तेवढंच म्हणते मी."

अंतिम सामना धुळ्याच्याच संघाशी. भिंत भरलेली. दोन्ही सर गुण मांडणाऱ्यांच्या टेबलापाशी बसले. मॅडमनी आपली खुर्ची उचलून रिंगच्या मागे, मैदानाच्या टोकाला नेऊन ठेवली. तिथून खेळ नीट दिसत नाही. पाय मात्र दिसतात.

मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. नंतर अक्काचा चौथा फाउल झाला आणि आमच्या सरांनी तिला बाहेर घेतलं. आणखी एक झाला असता तर ती कायमचीच बाहेर गेली असती. मग जे व्हायचं तेच झालं. मी कोपऱ्यात जायची, बॉल गुडघ्याशी न्यायची आणि कोणीतरी तो तिथल्या तिथे काढून घ्यायची. एकदा, दोनदा, पुन्हा. आमची आघाडी गेली. भिंतीवरची पोरं नाचायला लागली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला ओशाळं वाटण्याऐवजी, काय सांगू, बरं वाटलं. म्हटलं, बघा आता नीट.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा अक्का स्वतः उठली. "सर, मला पाठवा."

"एक फाउल झाला की संपलं. जपून खेळ. स्क्रीन लावू नकोस."

"मग मी आत जाऊन काय करू?"

सरांनी तिला पाठवलं. ती माझ्याजवळून जाताना म्हणाली, "जा, तुझ्या कोपऱ्यात जा."

मी गेले. पहिला बॉल, बास्केट. दुसरा, बास्केट. भिंतीवरून "ए खांब!" चालूच. आता एकाच बास्केटने आम्ही मागे होतो. तिसऱ्या वेळी त्यांची सगळ्यात दणकट मुलगी माझ्या अंगावर धावली, आणि मध्ये अक्का. छातीशी हात, पाय रोवलेले. ती मुलगी आदळली, दोघी खाली पडल्या आणि शिट्टी वाजली. माझा बॉल रिंगमधून गेला होता, पण शिट्टी आधी होती. पंचांनी हात अक्काकडे केला. पाचवा फाउल.

भिंत ओरडली, "खांब पडना! खांब पडना!"

अक्का उठली, गुडघा झटकला, पंचांशी वाद घातला नाही आणि बाहेर जाऊन बसली. आम्ही त्या एका बास्केटने हरलो.

तिने डोक्यावर टॉवेल घेतला होता. आत ती रडत होती की नाही ते मला माहीत नाही. मी शेजारी बसले. तिने विचारलं, "सरांनी मला बाहेर काढलं तेव्हा तू किती मारलेस?"

"एकही नाही."

"गाढव," ती म्हणाली. "एक वर्ष राहिले, म्हणून मी काय जन्मभर उभी राहणार आहे का तुझ्यासाठी?"

संध्याकाळी मैदानातच नावं वाचली. वाचायला मॅडम उभ्या राहिल्या. धुळ्याच्या मुली, भुसावळची एक, आणि मग अक्काचं नाव. आमच्या मुली किंचाळल्या. भिंतीवरच्या एका पोराने मोठ्याने विचारलं, "मॅडम, खांब कसाले लिधा?" खांब कशाला घेतला, असं.

मॅडमनी मान वर केली. "तो पाचवा फाउल झाला ना, तेव्हा तिचे पाय हलले नव्हते. मी पायच बघत होते. पंचांचा निर्णय तो निर्णय, त्यावर मी बोलत नाही. पण पूर्ण सामन्यात ती चुकीच्या जागी उभी राहिलेली मला एकदाही दिसली नाही. अशी मुलगी मला संघात हवी."

माझं नाव यादीत नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, "अजून एक वर्ष थांब. स्वतःला मोकळं करायला शीक." वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या चुकल्या नव्हत्या. मला कोणी मध्ये उभं न राहताही बॉल टाकता यायला हवा होता. पुढचं अख्खं वर्ष मी बॉल छातीवरून टाकायला शिकण्यात घालवलं.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांना बास्केटबॉल म्हणजे नक्की काय ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पाचवा फाउल त्यांना दोनदा समजावून सांगावा लागला. मग ते चंची काढता काढता थांबले.

"म्हंजे तिनं टाकलं नही, तरी घेतलं तिले?"

"घेतलं, आबा."

"कोनी तरी खाली वाकून पाह्यलं म्हना," आबा म्हणाले, आणि चंची सोडून पान लावायला घेतलं.

नानांनी ट्यूबच्या खोक्यावर नवं कात्रण चिकटवलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दारात मांडव पडला नाही. अक्का विद्यापीठाकडून खेळली, कोर्स पुरा केला आणि जळगाव जिल्ह्यातल्याच एका शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागली. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या यादीत माझंही नाव आलं, आणि त्यानंतरच्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.