आयर्लंड कुठल्या पातीत?

आयर्लंडचे दोन तुकडे झाल्याची बातमी आज वाचली, आणि ताज्या शाईच्या वासानं मला थेट देवासात नेलं. आमच्या त्या गावावर राजे दोन, राज्याच्या दोन पाती, म्हणजे वाटण्या. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची.

माझ्या लहानपणी एकदा आमच्या ओट्यावर वडील आणि शाळेतले मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. मास्तर म्हणाले, "आयर्लंडचा जुना पुढारी अख्खं पार्लमेंट अडवून धरायचा. आताचे नुसते अर्ज लिहितात."

"अर्जानं घर तरी शाबूत राहतं," वडील म्हणाले. ते दरबारात कारकून. राजकारण बोलताना सापडले तर नोकरी जायची.

तेवढ्यात थोरल्या पातीचा हवालदार समोर येऊन उभा राहिला. वडिलांचा चेहरा उतरला. मास्तर घाईनं म्हणाले, "आम्ही आपलं आयर्लंडचं बोलतोय."

हवालदारानं गंभीरपणे विचारलं, "यो आयरलंड बडी पाती में है के छोटी में?"

"छोटी में," वडील म्हणाले.

"तो फिर म्हारे कंई!" म्हणत, आपल्याला काय त्याचं अशा थाटात, तो निघून गेला.

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो. आज आयर्लंडच्याही दोन पाती झाल्यावर हसू येईना. जुन्या-नव्या एकाही पुढाऱ्यानं न विचारलेला प्रश्न त्यानं विचारला होता.