वडील गेल्याची सुट्टी

माझे वडील वारल्याचा पहिला निरोप मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी वाळवंटातल्या आमच्या चौकीवर वायरलेसवरून आला. त्या वेळी वडील डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या एका खासगी केंद्रात डायलिसिस घेत होते. आई शेजारी स्टुलावर बसली होती.

मी त्या चौकीवर मार्चमध्ये रुजू झालो होतो. त्याआधी पलटण एका मोठ्या छावणीत होती आणि तिथून एका रात्रीत कल्याणला येता येत असे. पलटणीची बदली झाली, आमच्या तुकडीच्या वाट्याला सीमेजवळची चौकी आली. निघण्यापूर्वी मला दोन दिवस घरी मिळाले. वडील मला कल्याण स्टेशनवर सोडायला आले. ते रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून त्यांना दिवसाला दोन पेल्यांपेक्षा जास्त पाणी पिण्याची परवानगी नव्हती. गाडी आल्यावर ते म्हणाले, "तिकडे पाणी जपून पी, असं सांगणार होतो. पण ते तर मलाच सांगतात."

गाडीने एक रात्र आणि अर्धा दिवस, पुढे लष्करी ट्रकने संध्याकाळपर्यंत. शेवटच्या टप्प्यात रस्ता वाळूखाली गेलेला होता. चालक टेलिफोनचे जुने खांब बघून गाडी चालवत होता. चौकी म्हणजे एका उंचवट्यावर पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या, टेहळणीचा मनोरा, लोखंडी चौथऱ्यावर पाण्याची टाकी, जनरेटर आणि भोवती काटेरी तार. दुपारी खाटेच्या लोखंडाला हात लावता येत नसे. भाकरीत वाळू असे. ती चावायची नाही, गिळायची, हे दुसऱ्या दिवशी कळले. टँकर आठवड्यातून एकदा येई. पिण्याचे पाणी मोजून मिळे आणि आंघोळीला रविवारी एक बादली.

तुकडीतले बहुतेक जण सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांतले. आमच्या भागातला मी एकटाच. पहिल्या संध्याकाळी कोल्हापूरकडच्या एका नाइकाने विचारले, "कुठला रं तू?"

"डोंबिवली."

"आरं, तिथनं माणसं हापिसात जात्यात. हिकडं कुठं आलास?"

"भरती निघालेली. आलेलो."

"मग परत जा. आईला सांग, डबा इसरलो."

तेव्हापासून चौकीवर मला सगळे डबा म्हणत.

फोन संध्याकाळी तासभर हातात मिळत. नेटवर्क फक्त टाकीच्या शिडीवर, वरच्या एका पायरीवर येई. एक जण वर उभा राहून बोले, बाकीचे खाली रांगेत. वरच्याचे बोलणे खालच्यांनी मोठ्याने पुन्हा म्हणायचे, ही तिथली करमणूक होती. कोणाच्या बायकोचे, कोणाच्या आईचे, असा त्यात भेद नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस आईने फोनवर सांगितले, की वडिलांना डायलिसिस सोसेनासे झाले आहे आणि डॉक्टर एक-दोन महिने म्हणतात. मग वडिलांनी फोन घेतला.

"तू असताना झालं तर बरं," ते म्हणाले.

"काय झालं तर?"

"काय म्हणजे काय? ते."

मी म्हणालो, "बाबा, असं काय बोलता?" खालून चार-पाच आवाज आले, "बाबा, असं काय बोलता?"

वडिलांना एवढेच हवे होते. शेवटी मी जवळ असावे आणि अग्नी मी द्यावा. त्यांचे धाकट्या भावाच्या मुलाशी पटत नव्हते. त्याने पुढे यायचे नाही, हे त्यांनी आईला बजावून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांकडे सुट्टी मागितली. चौकी त्यांच्या ताब्यात होती. तुकडीतली निम्मी माणसे सरावासाठी बाहेर गेली होती आणि पावसाळ्यापर्यंत सुट्ट्या बंद होत्या.

"आजारी बाप सगळ्यांनाच असतोय, पोरा," सुभेदार म्हणाले. "त्यावर सोडायला लागलो तर चौकीवर मी आणि ते कुत्रं राहील. गेल्याचा निरोप आला, की त्याच दिवशी सोडतो. ह्यात आजवर बदल केला नाही."

हे मी शिडीवरून काकांना सांगितले. काका, म्हणजे वडिलांचे हेच धाकटे भाऊ, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. एका माजी नगरसेवकाच्या कार्यालयात त्यांची रोजची बैठक होती.

"म्हणजे गेल्यावरच सोडतात," काका म्हणाले.

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो, काका."

"बरं," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मेमधल्या त्या मंगळवारी मी मनोऱ्यावर पहाऱ्याला होतो. सुभेदार स्वतः खाली येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला उतरायला सांगितले. निरोपात वडिलांचे नाव, पत्ता आणि सकाळची वेळ होती. पुरावा म्हणून माजी नगरसेवकाच्या कार्यालयाच्या पत्राचा फोटो मुख्यालयाकडे पोचला होता.

मृत्यूची बातमी कळल्यावर आंघोळ करतात. रविवार गेला होता. तुकडीतल्या प्रत्येकाने आपापल्या पाण्यातून एकेक मग बादलीत ओतला. नाइकाने स्वतःसाठी राखून ठेवलेली अख्खी बादली दिली. सुभेदार म्हणाले, "तू पोचेस्तोवर परवा उजाडंल. अग्नी कोणीतरी दिलेला असंल. केस हितंच उतरव." सगळ्यांचे केस कापणाऱ्या जवानाने माझे डोके भादरले, मग मिशी काढली. नाइकाने आरसा धरला.

"रडून घे, डबा," तो म्हणाला. "आज कोण हसणार नाय."

रिकाम्या टँकरमधून मी निघालो. नेटवर्क आल्यावर आईला फोन लावला. तो काकांनी उचलला. "वहिनी बोलायच्या अवस्थेत नाहीयेत. तू फक्त ये. फोनवर काही विचारू नको." मी विचारले नाही.

गुरुवारी सकाळी कोपरला पोचलो. चौकातल्या विजेच्या खांबावर बॅनर होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये वडिलांचा फोटो, खाली आणि बाजूला नेत्यांचे फोटो. वडिलांचा फोटो कोणाच्या तरी लग्नातून कापलेला होता. त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच माणसाचा हात राहिला होता.

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. माझ्या डोक्याकडे बघत त्यांनी विचारले, "अरे, तुला कोणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं ना. म्हणून तर आलो."

ते बाजूला झाले आणि त्यांनी मला वर जाऊ दिले.

दार उघडेच होते. वडील कोचावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले, मग ओठांकडे.

"मिशी पण?" ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, मला पाहिले आणि जमिनीवर बसली. बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही.

"सगळं उरकलंय की," वडील म्हणाले. "मीच तेवढा राहिलोय."

पुढचे मला आईने सांगितले. काकांनी ते नाकारले नाही. मंगळवारी सकाळी काकांनी कार्यालयातून पत्र मिळवले. आईला दुपारी केंद्रात येऊन सांगितले, "आता तो येईल," आणि तिचा फोन घेऊन गेले. कार्यालयातल्या कार्यकर्त्यांनी रीतीप्रमाणे फोटो मागितला. अंधार पडायच्या आत बॅनर लागला. डायलिसिसहून परतताना रिक्षा चौकात थांबली. रिक्षावाल्याने आरशातून विचारले, "तुमचे कोण, भाऊ वाटतं?"

"मीच तो," वडील म्हणाले.

त्या रात्री खालच्या मजल्यावरच्या काकू पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे आणतात. दार वडिलांनीच उघडले. काकूंनी हातातल्या डब्याकडे पाहिले.

"मग हे ठेवू का?" त्यांनी विचारले.

"ठेवा. वाया कशाला घालवता."

काका उशिरा आले. आई सांगते, की वडील भावाशी एवढेच बोलले:

"मला मारलंस ते मारलंस. बॅनर कशाला?"

"दादा, नाही म्हटलं असतं तर संशय आला असता त्यांना. त्याला आणायचं होतं ना?"

"फोटो तरी बरा द्यायचास."

मला पंधरा दिवसांची सुट्टी होती. त्या पंधरा दिवसांत घरात सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते आणि सगळ्यांना ते माहीत होते. पहिले तीन दिवस वडील बरे नव्हते. काका सकाळ-संध्याकाळ येत, दारातून त्यांचा चेहरा बघत आणि माझ्याकडे बघत. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदलले. त्यानंतर वडील जेवू लागले, गॅलरीत बसू लागले. तपासायला गेलो तेव्हा काकांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारले, "साधारण किती?"

"सध्या स्थिर आहेत. चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"याची सुट्टी संपतेय हो," काका म्हणाले. डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. वडिलांना लागला. ते व्हीलचेअरवर आमच्यापासून हातभर अंतरावर होते.

शेजारी भेटायला येत आणि माझे डोके बघून विषय बदलत. वडील त्यांना पुन्हा विषयावर आणत. "माझंच केलंय त्याने. ॲडव्हान्समध्ये." हसायचे की नाही, हे कोणाला कळत नसे.

निघायच्या सकाळी वडील म्हणाले, "एवढं करून आणलं तुला, आणि मला जमलं नाही."

मी चौकीवर पोचलो तेव्हा तिथे सगळ्यांना सगळे माहीत होते. नाइकाचा साडू विठ्ठलवाडीला राहतो. त्याने आधी बॅनरचा फोटो पाठवला होता आणि दोन दिवसांनी माजी नगरसेवकाच्या कार्यालयाचा खुलासा: सदर व्यक्ती हयात आहेत, झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत. दोन्ही नाइकाच्या फोनमध्ये होते.

सुभेदारांनी खोलीत बोलावले. "बाप कसा आहे?"

"स्थिर आहेत, साहेब."

"तुला ठावं होतं?"

"नाही, साहेब."

"नसंल. मी कागदावर आणत नाही. आणलं तर तुझी नोकरी जाईल आणि त्या काकाला कोण विचारणार नाही. पण माझ्याकडं परत बाप घेऊन यायचं नाही."

तुकडीने पाणी परत घेतले. ज्याने जेवढे दिले होते तेवढे, रविवारच्या माझ्या बादलीतून. नाइकाची बादली शेवटी फिटली. जुलै उजाडेपर्यंत मी आंघोळ केली नाही. घामोळ्यांची गळवे झाली, पाठीवर झोपता येईना. नाइक म्हणे, "सुतक हाय त्याला. शिवू नका."

शिडीवर मी चढलो, की खालून विचारणा होई, "बा बोलतोय व्हय? वरनं का खालनं?" मी 'बाबा' म्हटले, की सगळे एका सुरात 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणत. एकदा ते पलीकडे ऐकू गेले.

"कोण आहेत रे?" वडिलांनी विचारले.

"मित्र आहेत."

"मला ओळखतात वाटतं."

दुसरा निरोप ऑगस्टमध्ये, बुधवारी दुपारी आला. मजकूर पहिल्यासारखाच होता: नाव, पत्ता, सकाळची वेळ. सुभेदारांनी मला मनोऱ्यावरून खाली बोलावले नाही. त्यांनी मुख्यालयाकडे खात्री मागितली आणि खात्री येईपर्यंत चौकी सोडायची नाही, असे नाइकाकरवी कळवले.

संध्याकाळी मी शिडीवर चढलो. काकांनी फोन उचलला.

"दादा गेला," ते म्हणाले.

"नक्की?" मी विचारले.

काका रडू लागले. आईने फोन घेतला. "हो रे. माझ्यासमोर गेले. तू निघालास का?"

"सोडत नाहीयेत."

"मग किती वेळ ठेवू त्यांना?"

मी म्हणालो, "थांबू नको, आई."

खाली रांगेत नाइक उभा होता. "परत?" त्याने विचारले. बाकीचे हसले.

अंत्यसंस्कार त्याच रात्री डोंबिवलीच्या स्मशानभूमीत झाले. अग्नी काकांच्या मुलाने दिला.

गुरुवारी मुख्यालयाच्या सांगण्यावरून पोलीस शिपाई सोसायटीत आला. सेक्रेटरींनी त्याला सांगितले, की मागच्या वेळचे खोटे होते, या वेळी दाखला पाहिल्याशिवाय ते काही सांगणार नाहीत. घरात पणती होती, आई होती. शिपाई वर गेला नाही. महापालिकेचा दाखला शनिवारी मिळाला. रविवारी सकाळी खात्रीचा वायरलेस चौकीवर आला.

मी सुभेदारांसमोर उभा राहिलो. त्यांनी निरोप वाचला आणि घडी घातली.

"कंपनीच्या दप्तरी तुझा बाप मे महिन्यात वारलाय," ते म्हणाले. "त्याची सुट्टी तू खाल्लीस. आता हा दुसरा कुठला लिहू?"

मला पुढची सुट्टी नोव्हेंबरात मिळाली.