मामांच्या नावानं

"आधी पुसावें, मग लिहावें," असं म्हणत मामा वही गिऱ्हाइकाकडे फिरवायचे. पुसावं म्हणजे विचारावं. आमच्या कुंभकोणमच्या मराठीत अजून तसंच म्हणतात आणि पुण्याकडचं कुणी दुकानात आलं की ते ऐकून हसतं. मामांना त्याचं काही नसायचं. पेनाचं टोपण काढून पेन पुढे करायचे आणि विचारायचे की कार्तिगैच्या सणाआधी चार ओळी लिहिल्या तर चालतील का. हो म्हटलं तर त्या माणसानं स्वतःच्या हातानं नाव, पत्ता आणि अलीकडे ई-मेल लिहायचा. नको म्हटलं तर मामा वही मिटायचे, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही.

मामा कुणाचेच मामा नव्हते. माझ्या वडिलांच्या पितळी दिव्यांच्या दुकानात ते माझ्या जन्माआधीपासून होते. तिरुविसनल्लूरहून सकाळच्या बसनं यायचे, कपाळाला गोपीचंदन, तोंडात विठ्ठलाचं नाव. घरात आणि माझ्याशी मराठी, गल्ल्यावर तमिळ. कार्तिगैला इथं घराघरांत दिवे लावतात, तोच आमचा खरा हंगाम. त्याआधी महिनाभर मामा बसून कार्डं लिहायचे. 'दिवा बरा आहे का' ही पहिली ओळ सगळ्यांना सारखी, पुढच्या ओळी ज्याच्या त्याच्या. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची लेक बाळंत झाली, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. माणूस विसरत कसा नाही, याचंच आम्हाला नवल वाटायचं. बाजारात त्यांची ओळखही तीच होती: दिव्याच्या दुकानातले, काही न विसरणारे मामा.

वडील थकले आणि दुकान माझ्याकडे आलं. मी चेन्नईत शिकून आलेली, डोक्यात वारं शिरलेली. म्हटलं, कार्डं कसली लिहिताय या काळात, एका बटणात सगळ्यांना पत्र जातं. मेल पाठवणाऱ्या सेवा तपासायला बसले. एक फुकट होती, पण आमच्या पत्राखाली स्वतःची जाहिरात चिकटवायची. दुसरीत तमिळ अक्षरांचे चौकोन व्हायचे. तिसरी महाग होती, पण कुणी पत्र कधी उघडलं, किती वेळा उघडलं, सगळं सांगायची. मी तिच्यावर भाळले. तुम्हीही भाळला असता, खोटं कशाला बोला.

त्या सेवेचा एक सल्ला होता. पत्र दुकानाच्या नावानं पाठवू नका, माणसाच्या नावानं पाठवा, लोक जास्त उघडतात. मी मामांना त्यांचं नाव मागितलं. 

"बरें," म्हणाले. "पण पाठवायच्या आधी मला दाखव."

मी हो म्हटलं.

वहीतली नावं लॅपटॉपमध्ये चढवताना काही नावांपुढे पेन्सिलीनं काढलेलं छोटं वर्तुळ दिसलं. चौदा घरं होती. बाकी सगळी वही पेनानं, हे तेवढं पेन्सिलीनं. बिलं काढून पाहिलं, तर या घरांनी बऱ्याच महिन्यांत काही घेतलं नव्हतं. मी लगेच अक्कल पाजळली: ही हातातून निसटणारी गिऱ्हाइकं. सेवेत अशांसाठी वेगळी यादी होती आणि तयार पत्रही. 'बऱ्याच दिवसांत भेट नाही. आम्हाला विसरलात का? या कार्तिगैला तुमच्या घरी नवा दिवा हवाच!' खाली सवलत, आणि त्याखाली 'आपला' म्हणून मामांचं नाव. मामा चार हातांवर वाती वळत बसले होते. त्यांना काही विचारलं नाही, दाखवलंही नाही.

पत्र सगळ्या चौदांनी तासाभरात उघडलं. इतकी तत्परता बाकी कुठल्याच यादीत नव्हती. मी मामांना स्क्रीन दाखवून मिरवलं सुद्धा. तेवढ्यात पहिलं उत्तर आलं, पापनाशमहून, तमिळमध्ये दोनच वाक्यं. 'मामा, आमच्या यांना जाऊन चार महिने झाले. तुम्ही स्वतः येऊन गेला होतात.'

मामांनी ते वाचलं. मग मी काय पाठवलं होतं ते वाचलं. चष्मा काढून वही पुढे ओढली.

"वर्तुळें सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, एवढ्या मोठ्या बाईला, पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं. घरात कुणी गेलं की वर्षभर सण नाही, कार्तिगैचे दिवे नाहीत. त्या घरी दिव्याच्या दुकानाचं कार्ड जाऊ नये म्हणून ते वर्तुळ. आणि वर्ष सरलं की खोडता यावं म्हणून पेन्सिल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लांबच्या घरांना त्यांनी फोन केले, जवळच्यांकडे स्वतः गेले. एक घर सुंदरपेरुमाळ कोयिलला, एक स्वामीमलैला. पापनाशमला मीही गेले. सांगायचं ते मीच सांगणार होते. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. ते उत्तर लिहिणाऱ्या बाईंनीच दार उघडलं. त्यांच्या मागे ओसरीवर आमच्याकडून नेलेला दिवा होता, घासलेला, बिनवातीचा. मी तोंड उघडायच्या आत मामांनी हात जोडले.

"मी लिहिलें," ते तमिळमध्ये म्हणाले. "वय झालें, विसरलों. क्षमा करा."

मामा आणि विसरलों!  बाई म्हणाल्या की असू द्या, होतं असं. त्यांनी आम्हा दोघांना पाणी दिलं. मी ते प्यायले. त्या दारात मी एवढंच केलं.

परतीच्या बसमध्ये मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होते. कुंभकोणम जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "अगे, त्या पेटीतून माझें नांव काढ." लॅपटॉपला ते पेटी म्हणायचे.

काढते, म्हटलं. पण कार्तिगैची गर्दी होती. मग पोंगल आला. एकदा दुकानाच्या नावानं पत्र पाठवून पाहिलं, तर उघडणारे निम्म्यावर आले. मी गुपचूप पुन्हा मामांचं नाव घातलं. वर्तुळाची घरं आता मी कटाक्षानं वगळत होते आणि त्यावरच स्वतःला शहाणी समजत होते. काही महिन्यांनी मामांनी विचारलं, "काढलेंस ना?" मी त्यांच्या तोंडाकडे न बघता हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, याची मला आजही लाज वाटते.

मामा या चैत्रात गेले. झोपेतच गेले. तेव्हा तरी नाव काढायला हवं होतं. काढणं जिवावर येतं, असं मी घरात सांगायचे. खरं कारण धंदा होता.

परवा दुकानात पापनाशमच्या त्या बाई आल्या. घरचं वर्ष कधीच सरलं होतं, लेकीचं लग्न ठरलं होतं, दिव्यांची जोडी हवी होती. त्यांनी दिवे निवडले आणि मामा कुठं आहेत ते विचारलं. चैत्रात गेले, मी सांगितलं.

बाईंनी पिशवीतून फोन काढला. "पण मंगळवारीच त्यांचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. खाली 'आपला' होतं आणि मामांचं नाव.

मग मी सगळं सांगितलं. हे पत्र माझं, तेव्हाचं ते पत्रही माझं. मामा काही विसरले नव्हते. ते शेवटपर्यंत काही विसरले नाहीत. बोलताबोलताच लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर नाव खोडलं. दोन क्षणांचं काम होतं.

बाईंनी फोन पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांच्या शेजारी तुम्हीच होतात ना?"

"हो."

"तुम्हालाही मी पाणी दिलं होतं."

त्यांनी दिवे घेतले, पैसे दिले. मी वही त्यांच्याकडे फिरवली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं की पुढच्या कार्तिगैला माझ्या नावानं चार ओळी लिहिल्या तर चालतील का.

"नको," बाई म्हणाल्या.

मी वही मिटली. मामांसारखा चेहरा ठेवणं मात्र मला जमलं नाही.