लवंगेच्या तेलाचे दोन थेंब

दाढ दुखायला लागली की मी लवंगेच्या तेलाची बाटली उघडते, आणि मला लायडनमधलं एक स्वयंपाकघर आठवतं. शिकत असताना मी तिथे एका डच आजींकडे खोली घेऊन राहत होते. त्यांच्या दिवंगत नवऱ्याची जुनी जपानी आखूड तलवार दुसऱ्या दिवशी संग्रहालयात जायची होती. “तो ठेवायचा तशीच जायला हवी,” असं त्या सारखं म्हणत होत्या, पण पात्याला लावायला तो वापरायचा ते लवंगेच्या वासाचं तेल संपलं होतं. मी खोलीतून आईने दिलेली ही बाटली आणून ठेवली. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलात तिच्यातले दोन थेंब टाकले, मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ अलग केली. पात्यावर धारेलगत धुक्यासारखी नागमोडी रेघ होती. मुठीत दडणारा भाग मात्र गंजून काळा पडला होता. खंडेनवमीला आम्ही बाबांचे पाने आणि पक्कड घासून लखलखीत करायचो, त्या सवयीने मी घासणी उचलली. “थांब, थांब,” आजींनी माझं मनगट धरलं. “त्या गंजावरूनच तिचं वय ओळखतात. तो घासलास तर तिथे कोणी विचारणार नाही तिला.” मग त्यांनी फक्त पात्याला तेल लावलं, हलक्या हाताने. सकाळी संग्रहालयातून आलेल्या माणसाने तलवार म्यानातून काढली आणि वास घेतला. “छान निगा राखलीय. कोण करतं?” “माझा नवरा,” आजी म्हणाल्या. मी मान खाली घालून कप विसळत राहिले. अजूनही हे तेल दाढेला लावण्याआधी मी क्षणभर नुसता वास घेते.