दुसऱ्या खेपेचं गाईड

पहिल्या खेपेला मी नापास झाले तेव्हा ऑफिसात कुणी काही बोललं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी नियोजनाचं काम बघते. वय पंचेचाळीस. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सर्टिफिकेट परीक्षा पास झाले तर विभाग माझ्याकडे येणार होता. पुन्हा नापास झाले तर मीच शिकवलेल्या ज्युनियरला ‘सर’ म्हणायची वेळ येणार होती.

आमची पिढी गाईडवर आणि ‘अपेक्षित’वर पास झालेली. त्यामुळे पहिल्या वेळी मी मस्तगडच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन अपेक्षितच मागितलं होतं. दुकानदाराने झेरॉक्सचं जाडजूड बाड हातात ठेवलं. प्रश्न, खाली उत्तर, कारण कशाचंच नाही. मी ते पाठ केलं. मला ते फार आवडलंही होतं, कारण माझी बहुतेक उत्तरं त्याच्याशी जुळायची. परीक्षेत मात्र एकही प्रश्न ओळखीचा निघाला नाही.

दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून दुसऱ्या वेळी एकदम तीन पुस्तकं मागवली. एकावर पाच तारे, दुसऱ्यावर पास होण्याची हमी, तिसरं पातळ आणि रुक्ष. त्यांची कव्हरं बघूनच मी दमायचे. ऑफिस, स्वयंपाक, भांडी, आणि वर हे इंग्रजी. खरं सांगते, मला शिकण्याचाच वीट आला होता.

मे महिन्यात ती तिन्ही पिशवीत घालून परतूरजवळ माहेरी गेले. वडील ओसरीवर बसून ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे ओळीने मांडत होते. दहा ओळी, दर ओळीत दहा. मग गुंडाळी करून सावलीत ठेवायची, चार-पाच दिवस पाणी शिंपडायचं आणि किती उगवले ते बघायचं. लेक बियाणे कंपनीत असूनही पिशवीवरच्या छापील आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

“तुमच्याच कंपनीचं हाय,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तरी बघून राह्यलो.”

मी तीन पुस्तकांचं रडगाणं गायलं. कुठल्यावर भरवसा ठेवावा तेच कळत नाही, असं मी म्हणाले.

“मंग तू नुसत्या पिशव्याच वाचून राह्यली की. थोडे दाणे काढून बघ ना बाई. त्याला समदं पोतं लागत न्हाई.”

शितावरून भाताची परीक्षा, एवढंच ते. पण मला सुचलं नव्हतं. दुपारभर पंख्याखाली बसून प्रत्येक पुस्तकातले मधलेच कुठले तरी वीस प्रश्न सोडवले. पहिल्या दोन पुस्तकांनी मला शाबासकी दिली. पातळ पुस्तकात निम्मी उत्तरं चुकली. इतकी चिडले की ते मिटून बाजूला टाकलं. थोड्या वेळाने परत उचललं, कारण बरोबर उत्तर बरोबर का आणि बाकीची चूक का, हे फक्त त्यातच समजावून सांगितलं होतं.

त्यातला एक प्रश्न असा होता. टीममधला माणूस येऊन सांगतो की काम मागे पडलंय. तुम्ही आधी काय कराल? मी लिहिलं, वरिष्ठांना कळवेन. झेरॉक्सच्या बाडातही हेच उत्तर होतं. पातळ पुस्तक म्हणत होतं, आधी त्या माणसाबरोबर बसा, अडचण समजून घ्या, दोघांना काय करता येईल ते बघा. काही न बघता वर कळवलंत, तर पुढच्या वेळी तुमच्याकडे कुणी येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी परतूरकडचे आमच्या कंपनीचे बीजोत्पादनाचे प्लॉट सांभाळणारा माणूस स्वतःहून माझ्याकडे आला होता. मजूर मिळत नाहीत, पेरणी मागे पडलीय, म्हणाला. मी घाबरून पाच मिनिटांत वर मेल टाकला. त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. मी नियमाने वागले, असं तेव्हापासून स्वतःला सांगत आले होते.

बाकीची दोन पुस्तकं परत पाठवली. त्या पातळ पुस्तकाशी भांडत भांडत पाच महिने अभ्यास केला आणि पास झाले. पडद्यावर तसं आलं तेव्हा आनंदापेक्षा झोपच जास्त आली.

दिवाळीला माहेरी जाताना परतूरला तोच माणूस दिसला. खताच्या दुकानात पोती उचलून देत होता. मला बघून हात झटकत बाहेर आला.

“पास झाल्या म्हणं मॅडम. तुमच्या वडलांनी सांगितलं. लई बरं झालं.”

मला राहवलं नाही. “त्या वेळी माझं चुकलं,” मी म्हणाले. “मेल टाकायच्या आधी मी तुमच्याबरोबर प्लॉटवर यायला पाहिजे होतं.”

त्याने खांद्यावरची खताची धूळ पुसली.

“मी तेच म्हणलं होतं की मॅडम. गाडी घेऊनच आल्तो. एकदा चला म्हणलं.”

मला ते आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही.