मशीननं लावलेलं दार

चहा गाळलाय, घ्या. बशीत ओतून प्यायलात तरी चालेल, माझ्याकडं नाक मुरडणारं कुणी नाही. पण कप नीट धरा, कारण आज मी माझीच फजिती सांगणार आहे. एरवी मी लोकांच्या सांगते! ही मात्र अशी आहे की दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवावी म्हटलं तरी खपायची नाही. इतकी माती खायला अंगात थोडी हुशारी लागते हो. बिनडोक माणसाला नाही जमायचं ते.

मी सातवी शिकलेली. टायपिंग शिकले नवरा गेल्यावर, इंग्रजी शिकले शब्दकोश फाडफाडून, आणि साठीला टेकता टेकता कॉम्प्युटर शिकले. पहिलं मशीन आणायला बारामतीला गेले, तर दुकानदार म्हणतो, "आजी, नातवाला पाहिजे का?"

"नातू त्याच्या बापाच्या पैशानं घेईल," मी म्हटलं. "मला दे. आणि झाकण उघडून दाखव. कलिंगड घेताना सुद्धा काप काढून बघतो आम्ही."

तर असा माझा इंदापुरातला, घरातलाच क्लास. शतक सरायला आलं होतं, आणि माझ्या क्लासात दोन खोल्या भरून मशीनं झाली होती.

आता जरा तांत्रिक भाग आहे. पळू नका, दोन घोटांत संपतो.

पुढच्या खोलीत जुनी मशीनं. एकाच काळ्या वायरीत माळेसारखी ओवलेली, वायरीच्या टोकाला टोपण. मागच्या खोलीत नवी मशीनं. त्यांच्या बारीक बारीक वायरी, आणि त्या सगळ्या हब नावाच्या एका डबीत खोचलेल्या. पुढची खोली मागच्या खोलीशी बोलत नव्हती. घरातल्या जावा-जावांसारखं, भिंत एक पण बोलणं बंद!

मग मी काय केलं? मधल्या दारात एक म्हातारं मशीन मांडलं. त्यात वायरी जोडायची कार्डं घातली दोन. एका कार्डाची वायर पुढच्या खोलीत, दुसऱ्याची मागच्या खोलीतल्या हबला. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरनं त्यात लिनक्स नावाची सिस्टीम चढवली. त्या लिनक्सच्या पोटातच पूल बांधायची सोय असते. ब्रिज म्हणतात त्याला. इकडचा निरोप उचलायचा, तिकडं टाकायचा; तिकडचा उचलायचा, इकडं टाकायचा. दगड नाही, सिमेंट नाही, ठेकेदार नाही, नारळ फोडायला पुढारी नाही. चार ओळी टाइप केल्या की पूल उभा! मला इतका अभिमान वाटला की दोन दिवस मी कुणाशी साध्या आवाजात बोललेच नाही.

संपला तांत्रिक भाग. बघा, मेलात का?

त्या वर्षी मुलींची कॉम्प्युटरची परीक्षा इंदापुरात घ्यायची की पुण्यात, हे ठरायचं होतं. पुण्याहून एक साहेब तपासायला येणार होते. पुढच्या खोलीतल्या मुख्य मशीनमधला पेपर दोन्ही खोल्यांतल्या सगळ्या मशीनवर एकदम उघडला पाहिजे, एवढीच अट. उघडला, तर केंद्र आमचं. नाही उघडला, तर मुलींनी पुण्याला जायचं.

जायचं म्हणजे काय, गेल्याच नसत्या! माझ्याकडं पळसदेवची मंदा होती. बोटं अशी चालायची की बघत राहावं. तिचे वडील तात्या उजनीच्या पाण्यात जाळं टाकायचे. त्यांनी मला रोखठोक सांगितलं होतं.

"बाई, हितं इंदापूरला आसंल तर दील पोरगी परीक्षा. पुण्याला न्हाय धाडायचो मी. मग तिच्या मामानं स्थळ आणलंय, त्येच बघू."

"तात्या, परीक्षा हितंच होणार," मी म्हटलं. "माझा शब्द हाय."

शब्द दिला खरा. आणि साहेब यायच्या दिवशी सकाळी सगळं चालतही होतं. सगळ्या मशीनवर पेपर फटाफटा उघडत होता. शहाण्या बाईनं त्यावर हळदीकुंकू वाहून गप बसावं की नाही? पण मी पडले टेलची बाई!

आमचं रान कालव्याच्या पार शेपटाला. वरच्यांचं भिजून उरलं तर आमच्याकडं पाणी. टेलच्या माणसाला दोन गोष्टी आईच्या दुधातनं मिळतात. एक, पाण्याला कालव्याच्या एकाच चारीवर, म्हणजे फाट्यावर, विसंबायचं नाही, दुसरी काढून ठेवायची. आणि दोन, चारीचं दार बंद दिसलं की ते कुणी लावलं, का लावलं, हे विचारत बसायचं नाही. आधी उघडायचं, भांडण नंतर.

तर माझ्या मनात आलं, हा पूलच ऐनवेळी बंद पडला तर? दुसरी चारी पाहिजे. हबच्या पाठीला एक गोल तोंड होतं, नेमकं काळ्या वायरीच्या मापाचं. मी पुढच्या खोलीतली काळी वायर ओढत मागं नेली आणि दिली त्या तोंडात खुपसून. आता पूल एक आणि ही वायर एक. दोन वाटा! म्हटलं, आता ये म्हणावं पुण्याच्या साहेबाला.

सहज पुलाच्या मशीनवर नजर टाकली. तिथं पुलाची दोन दारं दिसतात. एक उघडं होतं. दुसऱ्यापुढं लिहिलेलं, बंद!

माझं डोकंच फिरलं. "सुरेखा! या मशीननं माझं दार लावलंय!"

सुरेखा माझी सून. क्लासात टायपिंग शिकवायची. तिनं येऊन बघितलं.

"आत्या, पेपर उघडतोय का सगळीकडं?"

"उघडतोय."

"मग ऱ्हाऊ द्या की दार बंद."

"ऱ्हाऊ द्या? वरच्यांनी दार लावल्यावर तुझा सासरा ऱ्हाऊ द्या म्हणत बसला असता, तर या घरात ऊस न्हाय, कुसळं उगवली असती!"

पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की पुलावर एक राखणदार असतो. दोन वाटा दिसल्या की तो आपणहून एक बंद करतो. आणि त्या राखणदाराला घरी कसं बसवायचं, तेही खाली दिलेलं. तो वाट बंद का करतो, ते पुढच्या पानावर होतं. पण पुढचं पान वाचायला वेळ कुणाला? माझ्या घरात, माझ्या मशीनवर, मला न विचारता दार लावणारा हा कोण? दिला त्याला घरी बसवून. दार उघडलं.

आणि काय सांगावं! हबवरचे सगळे दिवे एकदम भक्क पेटले. एरवी लुकलुकायचे, आता नुसते रखरखून जळायला लागले.

"बघ गं," मी सुरेखाला म्हटलं, "कसं दुथडी भरून वाहायला लागलं!"

तेवढ्यात मागच्या खोलीतनं मंदा ओरडली, "बाई, माझं मशीन थांबलं!"

"माझं पण!"

"बाई, माजा पेपर निम्म्यातच आडकला!"

पुढच्या खोलीत तीच बोंब. दिवे सगळे पेटलेले, आणि पेपर एकाही मशीनवर नाही. तुम्हीच सांगा, पाटाला पूर आलाय आणि रानात टिपूस नाही, असं कधी बघितलंय?

मग मी कुणाकुणाला सोडलं नाही, विचारा! सुरेखाचा मिक्सर बंद करवला. पोरींच्या चपला दाराबाहेर काढायला लावल्या. उसाच्या ट्रॅक्टरनं वायर हादरली म्हणून त्या ड्रायव्हरला रस्त्यात उभं राहून शिव्या दिल्या. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार म्हणत होते; ते लागायला अजून अवकाश होता, तरी त्याच्याही नावानं बोटं मोडून झाली. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीत घुसले.

"आबा, गिरणी बंद करा! तुमच्या मोटारीनं माझ्या वायरीत गोंधळ घातलाय."

गिरणीवाले आबा पिठानं पांढरे झालेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, गिरणी माझ्या बापाच्या टायमाची हाय. तुमची वायर परवा आली. मग गोंधळ कुणी घातला?"

"बंद करताय का न्हाय?"

"करतो बाई. पण जवारी निम्मीच दळलीय. तिची मालकीण आली की तुमीच बोला तिच्याशी."

गिरणी बंद झाली. पेपर काही उघडला नाही. आणि मी परत येते तर पायरीवर तात्या बसलेले, आणि त्यांच्यामागं, बॅग हातात घेऊन, पुण्याचे साहेब!

"नमस्कार बाई. सुरू करूया?"

मंदानं माझ्याकडं बघितलं. तात्यांनी मंदाकडं बघितलं. त्या बघण्यात मला मामानं आणलेलं स्थळ फेटा बांधून उभं दिसलं.

"साहेब, पेपर तर काय, उघडतोच," मी म्हटलं. "आधी आमची सोय तर बघा!" असं म्हणत मी त्यांना हबपाशी नेलं. डोक्यात काहीच नव्हतं. फक्त बोलत राहायचं, म्हणजे तेवढ्यात काहीतरी सुचेल, एवढाच हिशेब. "आमच्याकडं दोन वाटा आहेत साहेब. एक पूल आणि एक वायर. यातली एक तोडली तरी काम थांबत नाही. पुण्यात आहे का असं? हे बघा, तुमच्यासमोर तोडते!"

आणि बोलण्याच्या भरात मी ती काळी वायर, टोकाच्या टोपणासकट, हबमधनं उपसली.

भक्क पेटलेले दिवे मिटले. मग एकेक करून लुकलुकायला लागले. आणि मागनं मंदा किंचाळली, "बाई! पेपर आला!"

"माझ्यावर पण!"

"हितं पण!"

अहो, मी तिथल्या तिथं खुर्चीत बसले. साहेब खोल्याखोल्यांतनं फिरून आले. चेहरा खुललेला.

"कमाल आहे बाई! वायर तोडली तरी एक मशीन अडलं नाही. छान!" मग चष्मा पुसत म्हणाले, "आता ती परत लावा बरं. दोन्ही वाटांवर एकदा चालवून बघू."

झालं! ती लावली तर सगळं पुन्हा ठप्प. न लावावी तर का लावत नाही ते सांगायचं. आयुष्यात मी कालव्याच्या इंजिनिअरला घाबरले नाही, बँकेच्या मॅनेजरला घाबरले नाही. त्या एवढ्याशा वायरीला हात लावायची हिंमत होईना.

"साहेब," मी म्हटलं, "ती लावली तर सगळं बंद पडतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आलात तेव्हा बंदच होतं. मशीननं शहाणपणानं दार लावलं होतं. ते मी उघडलं."

साहेबांनी पुस्तक मागितलं. पुढचं पान काढून माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, "मोठ्यानं वाचा." शाळेतल्या पोरीसारखं मी वाचलं. काही निरोप सगळ्यांसाठी असतात, ते पुलावरनं पलीकडं जातात. दुसरी वाट असली की ते तिथनं फिरून परत येतात. पुलाला वाटतं, नवाच निरोप आला. तो पुन्हा पलीकडं टाकतो. गावात सोडलेली बातमी फिरून आपल्याच दारात येते आणि आपणच "अगं बाई, खरंच?" म्हणून पुन्हा पुढं पाठवतो, तसं. तेच ते निरोप गरागरा फिरत राहतात, वाट तुंबते, आणि कामाच्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही.

खिडकीतनं गिरणीवाले आबा म्हणाले, "मग मी करू का चालू?"

साहेब हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "बाई, पूल तुमचा पक्का आहे. केंद्र इंदापूरलाच. पण एक अट आहे. परीक्षेच्या दिवशी तुम्ही या दोन्ही खोल्यांत पाऊल टाकायचं नाही."

अट ऐकून राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना चहा पाजला. तोही दुधाचा, पाणी न घालता!

परीक्षेच्या दिवशी सुरेखानं आतनं कडी लावली. सगळं कसं सुरळीत. कुणाचं मशीन अडलं नाही, कुठला दिवा भडकला नाही. टायपिंगचा टकटकाट बाहेर पायरीपर्यंत येत होता आणि मी पायरीवर तात्यांच्या शेजारी बसून तो ऐकत होते.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. बंद दाराकडं बघितलं. मग टोपी सारखी करून, अगदी काळजीनं, हळूच विचारलं,

"बाई, समद्या पोरी आत हायत. तुमी एकट्याच नापास झाला व्हय?"